बिरूच्या हातची गाडी

मी गाडी बोलतेय. कंपनीतून चकचकीत होऊन बाहेर पडलेली नव्हे. कऱ्हाटीत गेणूआबांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडात, एका माणसाच्या दोन हातांनी बनलेली. तो माणूस आता नाही. त्याचा धाकटा भाऊ मला रस्त्यावर काढायला निघाला, तेव्हा मी जेवढी ओरडले तेवढी कुठली गाडी ओरडली नसेल. पण कुणालाच ऐकू आलं नाही. माझ्या हॉर्नची वायर जोडायची राहिली होती.

मला घडवणारा बिरू, गेणूआबांचा थोरला मुलगा. बारामतीच्या एमआयडीसीत तो वेल्डर होता. दिवसभर दुसऱ्यांचं लोखंड जोडायचा आणि संध्याकाळी माझं. चौकोनी पाइप कापून त्याने माझा सांगाडा केला. इंजिन एका भंगारात निघालेल्या मारुतीचं, सीट जुन्या जीपच्या, स्टिअरिंग कुठलं ते मलाही ठाऊक नाही. ज्या शेडात मी जन्मले तिथे पूर्वी आबांची मेंढरं बसायची. मेंढरं गेली, शेती आली, तरी पावसाळ्यात जमिनीला अजून लोकरीचा वास येतो.

गावातली माणसं येता-जाता डोकवायची. "बिरू, ही बसलेली म्हैस उठणार कवा?"

"उठंल की. आधी तिला थांबायचं शिकवतो," तो म्हणायचा आणि पुन्हा माझ्याखाली शिरायचा.

धाकटा ऋतिक त्याच्या अगदी उलट. शाळा त्याने मधेच सोडली, ट्रॅक्टर मात्र मिसरूड फुटायच्या आधीपासून चालवतो. मला विटांवर ठेवून इंजिन पहिल्यांदा सुरू केलं, त्या दिवशी तो शेडात नाचला. "दादा, घे की आता बाहेर! काय राह्यलंय?"

"लई राह्यलंय. पहिल्यांदा रिकाम्या वावरात न्यायची. माणसाच्या चालीनं. मी एकटाच बसणार. तू बांधावर."

"बांधावर? मी काय बुजगावणं हाय?"

बिरूची एक सवय होती. जो नट नुसता बोटांनी फिरवून बसवलाय, पान्याने आवळायचा राहिलाय, त्याला तो काळ्या लोकरीचा धागा बांधायचा. आवळून, हलवून, पुन्हा बघून झालं की धागा सोडायचा. धागा असेल तिथे काम बाकी. एवढंच. पण एकदा ऋतिकने विचारलं, "दादा, ह्ये काळे धागे कशाला?" तेव्हा बिरू हसत म्हणाला, "तुझी नजर लागू न्हाय म्हणून. बघून बघून खाशील माझी गाडी."

ती थट्टा होती. ऋतिकला ती खरी वाटली. का वाटू नये? गावातल्या प्रत्येक ट्रॅक्टरला काळा धागा असतोच की.

मग एका संध्याकाळी बिरू आलाच नाही. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही. त्याची मोटरसायकल तिच्याखाली गेली. इतकी वर्षं प्रत्येक नट तपासणारा माणूस, आणि त्याला दुसऱ्याच्या न लावलेल्या दिव्याने नेलं. हे माझ्याने अजून धड सांगवत नाही.

त्यानंतर ऋतिक शेडात येऊन माझ्यात बसायचा. स्टिअरिंगला कपाळ टेकून म्हणायचा, "दादा, आरं बोल की." मी काय बोलणार? माझ्या अंगाखाली अजून बरेच धागे होते.

दहाव्याला काय घडलं ते मी आबांच्या बहिणीच्या, नकोशी आत्याच्या तोंडून ऐकलं. कऱ्हेच्या काठावर पिंड ठेवला. कावळे आले, झाडावर बसले, खाली एकही उतरेना. ऊन वर आलं. आईने बिरूच्या बायकोचं नाव घेऊन बघितलं, "तिला लेकीवानी संभाळू," म्हणाली. आबांनी शेताचं नाव घेतलं. कावळा जागचा हलेना. तेव्हा ऋतिक पुढे झाला, हात जोडून ओरडला, "दादा, तुझी गाडी मी आशी पडून ऱ्हाऊ देणार न्हाय! तेरावं उरकलं की दुसऱ्या दिवशी आई-आबांला तिच्यात बसवून नरसिंगपूरला नेतो. शब्द हाय माझा!" आणि कावळा उतरला. पिंडाला शिवला.

सगळे रडले. आत्या म्हणाली, "बघा, जीव गाडीतच अडकला हुता."

मी शेडात उभी राहून ऐकत होते. बिरू कधी असं म्हणाला असता का? ज्याने मला वावराच्या बाहेर न्यायचं नाव काढलं नाही, तो मला थेट भीमा-नीरेच्या संगमापर्यंत पळव म्हणेल? पण मेलेल्या भावाला दिलेला शब्द. त्याच्यापुढे गाडीचं कोण ऐकतं?

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ऋतिकने मला विटांवरून उतरवलं. चाकांचे नट पान्यावर उभा राहून आवळले. तेवढं चांगलं केलं. ब्रेकच्या डबीत तेल ओतलं, पेडल भराभर दाबलं, ते टणक लागलं तसा तो खूश झाला. "लागतोय की ब्रेक! दादानं सगळं करून ठिवलंय."

नव्हतं करून ठेवलं! पुढच्या डाव्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा पाइप नुसता बोटांनी बसवला होता. स्टिअरिंगच्या दांड्याला पिन घालायची होती. भराभर दाबलं की पेडल कुणालाही फसवतं. ते दाबून धरावं लागतं, ऋतिक. दाबून धर. पण तो उतरून पाणी आणायला गेला.

मला धुतलं. हळद-कुंकू लावलं. चाकांखाली लिंबं ठेवली. नकोशी आत्या वाकून खाली बघत म्हणाली, "आरं, ह्ये धागे कुणाचे?"

"दादानं बांधल्यात. नजरंचे."

"मग काढ. गेलेल्या माणसाच्या हातचं बांधलेलं शुभकार्याला ठेवू न्हाय. नवा बांध, लाल."

ऋतिक माझ्याखाली आडवा झाला. माझ्या तोंडापाशी त्याचा चेहरा होता, आणि माझ्यात होता-नव्हता तेवढा जीव एकवटून मी म्हणत होते, नको. नको काढूस. तू माझी जीभ उपटतोयस. बिरू काय सांगून गेलाय ते एवढ्याच अक्षरांत आहे रे. त्याने एकेक धागा सोडला. फेकला नाही एकही. सगळे एकत्र पिळून मनगटाला बांधले आणि त्यावर ओठ टेकवून तो तिथेच, माझ्याखाली, हमसून रडला.

आता मी आणि धडधाकट गाडी, बाहेरून दोघी सारख्या दिसत होतो.

आई मागच्या सीटवर बसली. मांडीवर ओटीची पिशवी. आबा बिरू गेल्यापासून शेडाकडे फिरकलेच नव्हते. लोकांनी हाताला धरून आणलं आणि पुढे ऋतिकच्या शेजारी बसवलं. नारळ फुटला. ऋतिकने चावी फिरवली, मी सुरू झाले. काय करणार, चावी फिरवली की मला सुरू व्हावंच लागतं. अंगणातून उतार थेट डांबरी रस्त्याला लागतो, आणि रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या.

त्याने गिअर टाकायला हात पुढे केला. आबांची नजर त्या मनगटावर पडली.

"ह्ये काय बांधलंयस?"

"दादाचं हाय."

"लोकर हाय ही. कुणी बांधली हुती?"

"दादानं. गाडीला. नजर लागू न्हाय म्हणून."

"कुठं बांधली हुती?"

"खाली. नटांस्नी. आबा, येळ होतोय."

आबांनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर कुठून आला कुणास ठाऊक. "ही नजरंची न्हाय रं. मेंढरांला दवा पाजायचो तवा जिची पाजायची राह्यली तिच्या पायाला आसा धागा बांधायचो. पाजली की सोडायचा. बिरू ल्हान हुता, त्योच बांधायचा माझ्यासंगं." आबांनी त्या पिळावर अंगठा फिरवला. "ह्ये न पाजलेल्या मेंढरांचे धागे हायती, ऋत्या."

"दादा म्हनला हुता नजरंचे..."

"गंमत केली आसंल तुझी! तुला कळत न्हाय व्हय त्याची गंमत?"

"आबा, मी शब्द दिलाय. कावळ्याला शब्द दिलाय! आज न्हाय गेलो तर त्यो पुन्हा अडकंल." तो आता लहान मुलासारखा ओरडत होता. "ब्रेक लागतोय. मी बघितलाय. ह्यो बघा!"

त्याने पेडल दाबलं. टणक लागलं.

"धर तसाच," आबा म्हणाले. "मी सोड म्हनंस्तवर सोडू नगं."

त्याने धरलं. आणि मग, दाबलेल्या पायाखाली, पेडल हळूहळू खाली जायला लागलं. मी ते थांबवलं नाही. उभ्या आयुष्यात मी एवढ्या आनंदाने कधी हरले नाही. पाय तळाला टेकला. डाव्या चाकामागे मातीवर तेलाचा काळा डाग पसरला.

ऋतिकने इंजिन बंद केलं. उतरला, डागाशेजारी मातीत बसला. "कोणचा नट, आबा? कोणकोणते हुते? मला आठवंना. मीच काढले सगळे."

"सगळे बघायचे."

"सगळे?"

"कळपातली कोणची राह्यली ठावं नसंल तर समदी मेंढरं पुन्यांदा तपासायची."

"आन् दादा? त्यो अडकला तर?"

आई अजून आतच बसली होती. तिथूनच म्हणाली, "कावळा शिवला तवाच त्यो गेला, बाळा. आता अडकलायस त्यो तू."

मी पुन्हा विटांवर आहे. चाकं काढून भिंतीला लावलीत. सुप्याच्या गॅरेजातला नागेश अधूनमधून येतो आणि ऋतिकला दाखवतो, कुठे काय हलवून बघायचं. तो गेला की ऋतिक एकटाच असतो. दोन नट बघतो, तिसऱ्याला संयम सुटतो, पाना भिंतीवर फेकतो. कधी कधी म्हणतो, उद्याच नेतो, जे व्हायचं ते होऊ दे. अशा वेळी मला इतकी भीती वाटते की वाटतं, इंजिनच जाम होऊन जावं, कायमचं.

मला रस्ता बघायचा नाही असं नाही. कोणत्या गाडीला बघायचा नसतो? नरसिंगपूरचा घाट, दोन नद्यांचं पाणी, आईचा पदर माझ्या खिडकीत उडताना, हे सगळं मला हवंय. पण एका आईची दोन्ही पोरं रस्त्याने न्यायची आणि त्यातलं एक माझ्या पोटातून, हे मला नको. त्यापेक्षा इथेच गंज चढू दे. कोंबड्या बसू देत माझ्या सीटवर.

ऋतिक, तू बिरू नाहीस हे मला ठाऊक आहे. तुझा हात घाईचा आहे. पाना फेक, शिव्या दे, माझ्या बोनेटवर डोकं आपट, मी सोसते. मलाही तो हवाय रे, मीही रोज संध्याकाळी त्याच्या मोटरसायकलचा आवाज ऐकते आणि तो नसतो. पण रडून झालं की फेकलेला पाना उचल. माझं आता दुसरं कोण आहे?

ऊन अजून शेडात आहे. खाली ये. स्टिअरिंगच्या दांड्याला पिन अजून कुणी घातलेली नाही.