हवालदारांचा गेज आणि टोपीवाले दोघे

मित्रांनो, टायरमधली हवा मोजणारा हा जुना गेज आज तुमच्याशी बोलतो आहे. आधीच एक गोष्ट कबूल करून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला साळसूद म्हणायला नको. मी मत्सरी आहे. दुसऱ्याचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतं. अगदी खरोखर पोटात, कारण तिथेच माझी पितळेची वळलेली नळी आहे.

हवा आत शिरली की ती नळी सरळ व्हायला बघते आणि तिच्या ओढीने काटा सरकतो. एवढीच माझी विद्या. ज्या छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे एका बाईंनी चिमट्याने माझा काटा बसवला, तीनदा तपासला आणि म्हणाल्या, "हा शहाणा आहे." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं फुशारलो.

पुढे मी टपालाच्या मोटारसायकली सांभाळणाऱ्या कार्यशाळेत गेलो. तिथल्या टायरच्या कारागिराला सगळे 'हवालदार' म्हणत, कारण गाडी कुणाचीही असो, हवा तपासल्याशिवाय ते फाटकाबाहेर सोडत नसत. काही जण टायर अंगठ्याने दाबून "चालेल" म्हणायचे. हवालदार त्यांना सुनवायचे, "अंगठा खोटं बोलतो, काटा बोलत नाही." तो काटा माझा! माझी मान ताठ व्हायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी कार्यशाळेची कुठलीच वस्तू मागितली नाही, फक्त मला मागून घेतलं.

घरी त्यांची लेक होती. दवाखान्यांमधून रक्ताचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत पोचवायचे, हे तिचं काम. मोटारसायकलच्या मागे थंड पेटी बांधून ती सकाळीच निघे. निघण्यापूर्वी हवालदार गाडीशी उकिडवे बसत, मला व्हॉल्व्हवर दाबत आणि म्हणत, "पुढे अठ्ठावीस, मागे बत्तीस. जा." हा 'जा' ऐकल्याशिवाय ती गाडी सुरूच करत नसे. ती माझ्याकडे कधी बघत नसे, बाबांच्या तोंडाकडे बघे. मला त्याचंही थोडं वाईट वाटे, पण आकडा शेवटी माझाच असे.

एके दिवशी मी हवालदारांच्या हातातून निसटलो आणि पायरीवर आपटलो. काच शाबूत राहिली, पण काटा परत शून्यावर गेला नाही. सहावर जाऊन बसला. काहीच मोजत नसताना सहा! म्हणजे यापुढे सव्वीस पौंड हवेला मी बत्तीस म्हणणार होतो. हवालदारांनी मला उचललं, सदऱ्याला पुसलं, डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाले, "वाचलास बाबा." मी चकित झालो. एवढा ढळढळीत सहा यांना दिसत कसा नाही?

पण मी गप्प बसलो. काट्याला तोंड नसतं हे खरं, मात्र तोंड असतं तरी मी बोललो नसतो. कारण त्याच आठवड्यात लेकीने टेबलावर एक माहितीपत्रक पसरलं होतं.

"बाबा, निघताना हवा बरोबर असते, पण खिळा तर वाटेत लागतो ना? हे यंत्र चालत्या गाडीत हवा दाखवतं. कमी झाली की ओरडतं."

शेजारच्या तबकात पडल्या पडल्या माझा जळफळाट झाला. चालत्या गाडीत! हे मला सात जन्मात जमणारं नव्हतं.

"यात प्रकार किती?" हवालदारांनी विचारलं.

"तीन. एक आत रिमवर बसतो. एक व्हॉल्व्हवर टोपीसारखा बाहेरून. आणि एक नुसता फोनवर दाखवतो."

"फोनवाला राहू दे. रस्ता बघशील की फोन?"

"आणि आतला?"

"बसवायला टायर उतरवावा लागतो. त्याची बॅटरी संपली की पुन्हा उतरवा. टोपीवाला बरा, पण तुझे व्हॉल्व्ह रबराचे आहेत. त्यांच्यावर ते वजन म्हणजे नाकापेक्षा मोती जड. वेगात व्हॉल्व्ह फाटेल."

शाब्बास हवालदार, मी मनात म्हटलं. पण लेक त्यांचीच होती. "मग धातूचे व्हॉल्व्ह बसवून घेते. आकडे दाखवणारा पडदा उन्हातही दिसेल असा घेते, पाण्याने न बिघडणारा. झालं?"

"झालं," हवालदार म्हणाले, आणि मला तबकातून उचलून उगाचच पुसत बसले.

दोन दिवसांनी ते दोघे टोपीवाले आले. कालची पोरं! बोटाच्या पेराएवढी, काळी, गुळगुळीत. पंक्चरवाल्याने नवे व्हॉल्व्ह बसवले, हवा भरली, टोप्या पिळल्या. हँडलवरचा पडदा तेजाने उजळला. गल्लीतल्या दोघातिघांनी वाकून पाहिलं, वा म्हणाले. मला एवढ्या वर्षांत कुणी वाकून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदारांनी सवयीप्रमाणे टोप्या काढून मला लावलं. मी सहा वाढवून सांगितलं, पुढे चौतीस, मागे अडतीस. "पंक्चरवाल्याने फुगाच केलाय!" असं म्हणत त्यांनी माझ्या शब्दावर हवा सोडली, पुढे अठ्ठावीस आणि मागे बत्तीस होईपर्यंत. टोप्या परत बसल्या आणि पडदा बोंबलू लागला. पुढे बावीस, मागे सव्वीस.

"बाबा, हे बरोबर सहा कमी दाखवतंय. दोन्हीकडे."

"दोन्हीकडे सारखंच सहा? मग टायरचा काय दोष? यंत्रालाच खोड आहे. त्याचा इशारा सव्वीसवर हवा ना, मग सहा वजा करून वीसवर लाव. म्हणजे उगाच ओरडणार नाही."

तर्क बिनचूक होता. दोन्हींपैकी एक मोजमाप सहाने चुकत होतं. फक्त कुठलं, ते मला ठाऊक होतं. लेक क्षणभर पडद्याकडे, मग बाबांकडे पाहत राहिली. हवालदार म्हणाले, "हा माझ्याशी कधी खोटं बोललेला नाही. जा." तिने इशारा वीसवर लावला आणि गेली. मित्रांनो, मी जिंकलो होतो. त्या दिवशी माझ्याइतका सुखी गेज जगात नसेल.

चौथ्या दिवशी दुपारी तिला वाटेत खिळा लागला. आधीच कमी असलेली हवा उतरत गेली आणि पडदा आज्ञाधारकपणे गप्प राहिला. वीसवर तो ओरडला तेव्हा ती वळणावर होती. मागचं चाक सरकलं आणि ती खडीवर पडली. पेटी बंदच राहिली, नमुने वाचले. कोपर मात्र सोललं होतं, आणि संध्याकाळी घरी आली तेव्हा पट्टीतून रक्त पाझरत होतं.

"काढून टाक ते खेळणं!" हवालदार ओरडले.

चार दिवसांपूर्वी मी म्हटलं असतं, सुंठीवाचून खोकला गेला. पण माझ्यासमोर टेबलावर ते कोपर टेकलेलं होतं. मला माझीच लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी आपल्याकडे नीट बघावं.

"पंक्चरवाला विचारत होता, इशारा एवढा खाली कुणी ठेवला," ती म्हणाली आणि सहज मला हातात घेतलं. पहिल्यांदाच तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बाबा, हा सहावर आहे. नुसता ठेवलाय तरी सहावर आहे."

"छे. शून्यावर आहे."

"तुम्हाला दिसत नाहीये का?"

हवालदारांनी मान खाली घातली. तिने आवाज खाली आणला. "कधीपासून?"

"धुरकट दिसतं. वर्ष होत आलं. आकडे अंदाजाने... काटा कुठवर जातो ते सवयीने कळायचं."

"वर्षभर सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं, तर तू सकाळी माझ्यासाठी थांबली असतीस?"

ती रडली. तेही रडले. पडल्याबद्दल कुणी कुणाला बोललं नाही.

महिन्याभराने हवालदारांच्या डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. माझी काच उघडून एका दुरुस्तीवाल्याने काटा शून्यावर आणला. पडदा आहे तिथेच आहे, त्याचा इशारा पुन्हा सव्वीसवर आहे, आणि मला तो आजही आवडत नाही. दिवसभर तिच्यासमोर मिरवतो मेला! माझ्या वाट्याला सकाळचं एक मिनिट. पण त्या मिनिटाला ती थांबते. आता दोघंही माझ्याकडे बघतात.

म्हणून सांगतो मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं जुनं मोजमाप असेल, तर ते रिकामं असताना एकदा निरखून पाहा, शून्यावर आहे ना. आणि जे कुणी रोज तुमच्यासाठी मोजत असतील, त्यांच्याजवळ बसून विचारा, नीट दिसतंय ना. ते आपणहून सांगणार नाहीत. मीही सांगितलं नव्हतं.