कालिंदी वीरच्या फलाटावर

आई गेल्यावर महिनाभराने तिच्या मैत्रिणीने, आनंदीबाईंनी, वैदेहीला सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर बोलावलं, तेव्हा सांत्वनासाठी असेल असं समजून ती फिक्या रंगाची साडी नेसून, चेहरा आवरून निघाली. रिक्षात बसताच आनंदीबाई म्हणाल्या, "सांत्वन तेराव्याला झालं गं. आज तुझ्याकडे काम आहे."

काम असं होतं. आनंदीबाई आणि महाड-पोलादपूरकडच्या आणखी काही बायका अधूनमधून सवला जात, कुंडाच्या पायरीवर बसून गुडघ्यापर्यंत पाय गरम पाण्यात सोडत, आणि वैदेहीची आई त्यांना कादंबरी सांगे. वाफेने पानं फुगतात म्हणून पुस्तक घरी ठेवून, तोंडी. शेवटची कादंबरी तिच्या आजारपणात अर्धीच राहिली होती. ती पुरी करायला लेकीहून लायक कोण? लेक मुंबईच्या कॉलेजात मराठी शिकवत होती. शिवाय तिच्या प्रबंधात नेमक्या याच कादंबरीवर, तिच्यातल्या कालिंदी या नायिकेवर, अख्खं प्रकरण होतं.

प्रबंधाचं नाव 'स्थळ आणि पुरुषसत्ता: मराठी कादंबरीतील स्त्री'. लेखक नायिकेला कुठे उभं करतो त्यावर तिचं मरण ठरतं, हे वैदेहीने त्यात सिद्ध केलं होतं. माजघर, उंबरा, परसातली विहीर. पदवी मिळाल्यावर आईने तो जाड ठोकळा कपाळाला लावला आणि विचारलं, "यातली एखादी तरी जगते का गं?"

"प्रश्न तो नाहीये, आई," डॉक्टर वैदेही म्हणाल्या होत्या.

आता तिने पाय पाण्यात सोडले, घसा साफ केला. "कालिंदीच्या सासरचा काळोख ही नुसती पार्श्वभूमी नाही. पुरुषसत्ता तिथे भिंतींच्या रूपाने..."

"चटका बसतो काय गो?" ठकूबाईने विचारलं. ती पोलादपूरच्या वरच्या वाडीतली. मुलगा मुंबईला, गुडघे इथे. "नाय, कपाळाला आठ्या हायत म्हून इचारलं."

"पुरुषसत्ता आम्हाला ठाऊक आहे," आनंदीबाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून दोन्ही वेळा गरम वाढतेय मी तिला. तू पुढे काय झालं ते सांग."

वैदेहीने मुकाट्याने शेवट सांगितला. एका पहाटे कालिंदी परसात जाते आणि विहिरीत उडी घेते.

पाण्यात हलणारे सगळे पाय थांबले.

"कंची विहीर?" ठकूबाई म्हणाली. "ती तर वीरला बसलीय."

"वीरला?"

"टेशनावर! सासू देवळात गेल्यावर निघाली नाय का? पोलादपुरातनं यष्टीनं म्हाडला, तिथनं रिक्षानं वीरला. रिक्षावाला सीटं भरल्याबिगर हलंना, तर भांडली पन त्याच्याशी. तुझ्या आयशीनं तिथंच सोडलीन तिला. म्हनाली, गाडी पुढल्या खेपेला येईल."

म्हणजे आईने घाटावरची कादंबरी उचलून खाली पोलादपूरला आणून ठेवली होती. लेकीने पाचेक वर्षं ज्या स्थळाचं विश्लेषण केलं, ते आईने सरळ बदलून टाकलं होतं, आणि त्यासाठी तिला एकही तळटीप लागली नव्हती. पण आता विहीर खरी म्हणावी, तर आई खोटी पडत होती.

"पुस्तक मी वाचलंय," शेजारून गोदावरीबाई हळूच म्हणाल्या. त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, सूर मात्र अजून वर्गातलाच होता. "विहीर मला ठाऊक आहे. तुझ्या आईपुढे मी काही बोलले नाही, तूही बोलू नकोस. गाडीचं बघ."

दुसऱ्याच्या कादंबरीची साल काढायची तर वैदेही झोपेतही काढील. पण एका बाईला फलाटावरून गाडीत चढवायचं काम तिने कधी केलं नव्हतं. वेळ काढायला तिने तोंडी परीक्षेतल्यासारखं विचारलं, "तिच्याजवळ सामान काय होतं?"

"निळी पेटी," ठकूबाई म्हणाली. "कडी मोडलेली. नाडीनं बांधलेली."

"आणि डब्यात तांदळाची भाकरी. लसणीची चटणी भाकरीच्या घडीत, तेल सांडू नये म्हणून," आनंदीबाईंनी पुढे जोडलं.

वैदेही पाण्याकडे बघत राहिली. ती पेटी तिची होती. बाबांनी बोलणं टाकलं होतं आणि ती शिकायला मुंबईला निघाली होती, तेव्हाची. नाडी आईच्या परकरातली. समस्त मराठी नायिकांची चिरफाड करणाऱ्या विदुषी स्वतः इथे, गुडघेदुखीच्या पाण्यात, नायिका होऊन बसल्या होत्या आणि त्यांना पत्ता नव्हता. पेटी होती, नाडी होती. नाडी बांधणारीला मात्र आईने गोष्टीत कुठेच जागा दिली नव्हती.

"मग, आली का गाडी?" आनंदीबाईंनी विचारलं.

"आली."

"जागा मिळाली?"

"नाही. दाराजवळ पेटीवरच बसली."

"मिळेल पनवेलला. मग?"

"मग गाडी हलली. तिची आई फलाटावर उभी होती. तिने हात नाही हलवला. नुसता पदर सारखा करत राहिली."

"आई कुठली गो आणलीस?" ठकूबाई म्हणाली. "ती तर पोरकी ना? ल्हानपणीच मेली तिची आय."

वैदेहीने पाय आणखी एक पायरी खाली सोडले. पाणी चांगलंच कढत होतं.

"हो," ती म्हणाली. "पण त्या दिवशी आली होती."

गोदावरीबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"आली तर बरंच केलंन," शेवटी ठकूबाई म्हणाली. "एकटीला टेशनावर कोन सोडंल?"