सड्यावरचं केंद्र

सड्यावरचं, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरचं, कीटक संशोधन केंद्र दर उन्हाळ्यात आकारानं आणखी थोडं आटायचं आणि त्याबरोबर आतली माणसंही. माणसं दोनच. डॉ. हेमांगी सरवटे तिथं एकवीस वर्षं रातकिड्यांचा अभ्यास करत होत्या. स्वयंपाकापासून किडे पकडण्यापर्यंत बाकी सगळं भागाबाई झोरे बघायच्या. दारं, खाटा, पातेली सगळं सारख्याच प्रमाणात आटल्यामुळं कुणाचं काही अडलं नाही. पुण्याहून आणलेली स्टीलची पट्टी तेवढी होती तशीच राहिली. ती आता अंगणभर आडवी पडलेली असे आणि भागाबाई तिच्यावर मिरच्या वाळत घालत.

हेमांगीबाईंना याचं नवल वाटलं नाही. उबेत वाढलेला किडा लहान राहतो, हेच तर त्यांनी इतकी वर्षं मोजून दाखवलं होतं, आणि सडा तापत चालला होता. रातकिडे दगडांखालच्या गारव्यात राहत, म्हणून ते होते तेवढेच राहिले. पूर्वी चिमटीत मावणारा किडा आता म्हशीएवढा दिसे. त्याच्या कुशीवरची श्वासाची भोकं पहिल्यांदा भिंगाशिवाय दिसली, त्या दिवशी हेमांगीबाईंनी शिरा करायला लावला.

मार्चमध्ये समितीचं पोस्टकार्ड आलं. केंद्र चालू ठेवायचं की बंद करायचं, हे समिती पाहणी करून ठरवणार होती. दोघींनी ते कार्डावरून चालत चालत वाचलं.

"बाई, त्यास्नी आपुन दिसनार का?" भागाबाईंनी विचारलं.

"आपण नाही दिसलो तरी काम दिसेल," हेमांगीबाई म्हणाल्या. पण त्या रोज दोनदा टिपणं नीट लावून ठेवू लागल्या.

ठरलेल्या सकाळी जीप आली. अध्यक्ष डॉ. बोंद्रे उतरले, तशी फडताळातली कपबशी खणखणली. हेमांगीबाई गच्चीवर जाऊन हाका मारू लागल्या. भागाबाईंनी लाल लुगडं फडकावलं.

"इथं तर नुसता कातळ आहे," डॉ. बोंद्रे वरून म्हणाले. "लिहा, केंद्र आढळलं नाही."

जीप धूळ उडवत निघून गेली.

"आढळलंच न्हाई, तर बंद कसं करत्याल?" भागाबाई म्हणाल्या.

हेमांगीबाईंना इतकं हसू लोटलं की त्या गच्चीच्या कठड्याला धरून खालीच बसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "पण माझं काम कुणी ऐकायचं राहूनच गेलं की हो."

भागाबाई अंगणाकडं बघत होत्या. "बाई, खाली या. कुनीतरी आलंय."

पायरीपाशी एक रातकिडा थांबला होता. रातकिड्याचे कान पुढच्या पायांत असतात, गुडघ्याच्या जरा खाली. त्यानं एक पाय उचलला आणि अलगद हेमांगीबाईंच्या तोंडापाशी आणला.

हेमांगीबाईंनी पदर सारखा केला, घसा खाकरला. तेवढ्यात सड्यावरच्या प्रत्येक दगडाखालून एकेक पाय बाहेर आला.