शेडमधली गाडी

ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यातलं शेत विकायचं ठरलं, तेव्हा ओटिलीने घरातली भांडीकुंडी, द्राक्षं खुडायच्या करंड्या, सगळं मुलीच्या हवाली केलं; फक्त शेडमधली घोड्यांची जुनी मालगाडी तिला कुणाला द्यावीशी वाटेना. ही आजेसासऱ्यांची गाडी कुणी बनवली, हे शोधून काढायचा तिच्या नवऱ्याला, लोथारला, ध्यास होता, आणि ते न कळताच तो गेल्या हिवाळ्यात गेला. तेव्हा ते कळल्यावरच गाडी द्यायची असं ठरवून तिने गावच्या संग्रहालयातल्या मर्विनला बोलावलं. मर्विन तिच्या मैत्रिणीचा मुलगा; जुन्या गाड्या म्हणजे त्याचा जीव.

सकाळपासून तो गाडीखाली पडून होता.

"मावशी, चाकांवर शिक्का नाही, आसावर नाही. माणसाने निदान आद्याक्षरं तरी कोरावीत की नाही!"

"लोथारही असाच करवादायचा." ती हसली. "आधी केक खा. आणि मागच्या आसावर भार टाकू नकोस हां, त्या लाकडात गाठ आहे. मी तेव्हाच म्हटलं होतं, हे लाकूड घेऊ नकोस म्हणून."

"कुणाला म्हटलं होतंस?"

ओटिलीच्या हातातली किटली तशीच राहिली. गाडी तर तिच्या जन्माच्याही कितीतरी आधीची.

"लोथारने सांगितलं असेल कधीतरी," ती पुटपुटली.

मर्विनने आसावरचा लोखंडी पट्टा ठोकून सरकवला. त्याखाली, जिथे कुणाची नजर पोचणं शक्यच नव्हतं, काळीभोर गाठ होती. चहा त्याने उभ्याउभ्याच संपवला.

मग तो पुढच्या फळीवरचा रंग खरवडू लागला. हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली तांबडा. आणि त्या सर्वांत जुन्या तांबड्यात, नाव असायला हवं तिथे, एक रुंद पंजा उमटलेला होता. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली. तीस वर्षं लोथारच्या त्या करंगळीत स्वतःची करंगळी अडकवून ओटिली चर्चमधून घरी चालत आली होती.

शेजारी एक लहान पंजा होता.

ताज्या रंगातल्या जवसाच्या तेलाचा वास आला. कुणीतरी अगदी कानाशी हसत म्हणालं, 'टिली, रंग ओला आहे गं, हात लावू नकोस,' आणि तेव्हाही तिने ऐकलं नव्हतं, हे तिला लख्ख आठवलं. तिने तळवा फळीवर टेकवला. बोटं बोटांत बसली. डोळे भरून आले. पण हात काढून घ्यावासा वाटेना.

"मावशी," मर्विनने फार हळू आवाजात विचारलं, "मग... बनवणाऱ्याचं नाव काय लिहू?"

"आमचं लिही. आणि आता ने खुशाल," ती म्हणाली, आणि तिने हात एप्रनला पुसला. पांढऱ्या कापडावर तांबडा, ओला रंग पसरला.