नकलांची दुर्गा

नागावात कुणाकडे हळदीकुंकू असलं की दुर्गाला आवर्जून बोलावणं येई. तेरा वर्षांची ही मुलगी माणसांच्या नकला करायची. नुसते आवाज नव्हेत. पान चघळताना शेजारचे आजोबा एक गाल कसा फुगवतात, देवळातले गुरव आरतीच्या कुठल्या ओळीला श्वास घेतात, सुपारीच्या वाडीत कामाला येणारी ठमाबाई नवऱ्याला शिव्या घालता घालता मध्येच कशी रडायला लागते, सगळं. बायका तोंडाला पदर लावून हसत. तिचे वडील तात्या अलिबागच्या कोर्टात कारकून होते. घरी पाहुणा आला की चहापाठोपाठ दुर्गाही बाहेर येई आणि कोर्टातला एक बडा वकील साक्षीदाराला कसा दरडावतो ते करून दाखवी. तो वकील तिने कधी पाहिलाही नव्हता. तात्या घरी येऊन त्याची नक्कल करत, ती तिने उचलली होती आणि तात्यांपेक्षा चांगली वठवली होती.

१९३४ सालच्या चैत्रात त्यांच्याच घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. माजघरात तीस-एक बायका दाटीवाटीने बसलेल्या, पन्ह्याची भांडी फिरत होती. दोन-तीन नकला झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "आता नव्या बाईंची कर की."

नव्या बाई म्हणजे मुलींच्या शाळेत दिवाळीनंतर आलेल्या प्रमोदिनीबाई. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, विधवा, पुण्याहून ट्रेनिंग घेऊन आलेल्या. त्या बोलताना अडखळत आणि अडखळत त्या एकाच अक्षरावर, 'प'वर. नाव प्रमोदिनी, गाव पेण, आणि दिवसभर हाताशी पाटी, पेन्सिल, पुस्तक, पाढे. दुर्गाने पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं की बाई 'पुस्तक' म्हणायचं टाळून 'धडा उघडा' म्हणतात, पाढ्यांना उजळणी म्हणतात, आणि कुणी गाव विचारलं तर 'इथलीच, जवळची' असं सांगून हसतात. मधल्या सुटीत मुलींसमोर ती ही नक्कल रोज करी. घरी अजून केली नव्हती.

तिने डोळे मिटले, हनुवटी जराशी उचलली आणि ओठ दाबून धरले. "प्... प्... प्प्..." बायका आधीच हसायला लागल्या. "माझं गाव प्... प्..." तिने कमरेशी हात नेला, बोटांना पदर गुंडाळला, आणि खूप वेळाने एकदम दम सोडून म्हणाली, "पेण."

हशा पिकला. मग समोरच्या बायका एकेक करून गप्प झाल्या. दुर्गाने वळून पाहिलं. परसदाराच्या पायरीवर प्रमोदिनीबाई उभ्या होत्या. हळदीकुंकवाच्या घरात पुढच्या दाराने येणं बरं दिसणार नाही म्हणून त्या विहिरीकडून आल्या होत्या.

"तात्या आहेत का?" त्यांनी दुर्गाच्या आईला विचारलं. "प्..." त्या थांबल्या. ओठ मिटले. "येत्या मंगळवारी दिपोटीसाहेब शाळा तपासायला यायचे आहेत. त्यांच्या जेवणाची सोय इथे होईल का, एवढंच विचारायचं होतं."

होईल, असं आई म्हणाली. बाई "बरं" म्हणून आल्या वाटेने परत गेल्या.

त्या दिवसापासून दुर्गाचं कशात चित्त लागेना. बाईंनी दुसऱ्या दिवशी छडी मारली असती तर तिला बरं वाटलं असतं. पण बाईंनी नेहमीसारखी उजळणी घेतली, तिच्या वहीतली एक चूक दाखवली, आणि पुढच्या मुलीकडे वळल्या. घरी ती जेवायला बसे आणि अर्ध्यातून उठे. सुपाऱ्या सोलायला बसली की दहा सोलून वाडीत निघून जाई, आणि कशाला आलो ते न आठवून परत येई. आईने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती बाईंच्या खोलीवर गेली. समुद्राच्या वाटेवरच्या एका वाडीत मागची खोली त्यांनी घेतली होती. बाई तांदूळ निवडत होत्या. दुर्गा दारातच उभी राहिली.

"बाई, झाल्या गोष्टीबद्दल मी दिलगीर आहे. पुन्हा असं घडणार नाही."

बोलता बोलताच तिला कळलं की हे तात्यांचं बोलणं आहे. वरच्या साहेबाशी बोलताना तात्या असेच खांदे आत घेतात. ती गोंधळली. "म्हणजे, चुकलंच हो माझं. मेलं तोंडच असं..." हे आईचं होतं.

"आत ये, बस," बाई म्हणाल्या. थोडा वेळ त्या तांदळातले खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती नक्कल कर."

"नको."

"मी कशी बोलते ते मी कधी ऐकलेलं नाही. समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघून कळतं, तेवढंच. कर तू."

दुर्गाने हळू आवाजात ती केली. बाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. त्या तिच्या ओठांकडे टक लावून बघत होत्या.

"मी डोळे मिटते?"

"हो. दरवेळी नाही. अनोळखी माणूस असलं तरच."

"आणि इतका वेळ लागतो?"

"नाही. याच्या निम्मा. लोकांनी हसावं म्हणून मी वाढवते."

बाईंनी सूप खाली ठेवलं. "निम्मा," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं याच्याहूनही जास्त लागत असेल." मग त्यांनी विचारलं, "आणि तू कशी बोलतेस?"

"मी? साधीच."

"साधी म्हणजे कशी?"

बाईंनी फिरून विचारलं नाही. पण घरी जाईपर्यंत आणि त्यानंतरही तो प्रश्न तिला सोडेना. ती कान देऊन स्वतःचं बोलणं ऐकू लागली. आईशी बोलताना आईचा हेल येई, वर्गातल्या गोदूशी बोलताना गोदूसारखं नाकातून येई, वाडीत गेली की 'न्हाय' आणि 'हाय' आपसूक तोंडात येई. रहाटाचा आवाज सगळं झाकून टाकतो म्हणून ती विहिरीपाशी उभी राहून स्वतःचं नाव घेऊन बघे. ते तिला तात्यांनी मारलेल्या हाकेसारखं ऐकू येई.

तिथे ठमाबाई पाटाचं पाणी वळवत होती. दुर्गाने तिला विचारलं, "ठमाबाई, मी कशी बोलते ग?"

"तुजं कोन आयकलंय, पोरी?" ठमाबाई कुदळ टेकून म्हणाली. "तू बोलतेस ते समद्यांचं. माजंबी करतेस, ठावं हाय मला."

"राग येतो तुला?"

"रडतानाचं करतेस त्याचा येतो." एवढं बोलून ती पुढच्या आळ्याकडे गेली.

मंगळवारी दिपोटीसाहेब आले. काळा कोट, डोक्याला पगडी, सोबत पट्टेवाला. शाळा सारवलेली, मुली तरटावर ओळीने बसलेल्या. साहेबांनी वाचन घेतलं, हिशेब घातले, शिवणकाम उलटंपालटं करून पाहिलं. सगळं नीट चाललं होतं. मग त्यांनी वही उघडली आणि मान वर न करताच बाईंना विचारलं, "आपलं नाव? गाव?"

बाईंनी डोळे मिटले. हनुवटी जराशी वर गेली.

दुर्गाच्या शेजारी बसलेल्या गोदूच्या नाकातून फुस्सकन आवाज आला. मग तिच्या पलीकडची हसली, मग मागची ओळ. मुलींना हसायचं नव्हतं, पण त्यांना सवय झाली होती. एवढी हनुवटी उचलली की पुढे हसायचं असतं, हे दुर्गानेच त्यांना पाच महिने शिकवलं होतं. साहेबांनी मान वर केली. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

दुर्गा उभी राहिली. आपण उभ्या आहोत हे तिला नंतर कळलं.

"साहेब, या मुली बाईंना हसत नाहीत. मी बाईंची नक्कल करते. ती आठवून हसतात. चूक माझी आहे."

आवाज घोगरा आला, मध्येच चिरकला. गोदू तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत राहिली.

"खरं का?" साहेबांनी बाईंना विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. मग त्यांनी पुन्हा ओठ मिटले, आणि जेवढा वेळ लागायचा तेवढा घेतला. "प्... प्रमोदिनी. प्... पेण." साहेब थांबले होते. त्यांनी ते लिहून घेतलं आणि दुर्गाला म्हणाले, "बस खाली."

दुपारी जेवण तिच्याच घरी होतं. तात्यांनी त्यासाठी कोर्टातून रजा काढली होती. आंबेडाळ, अळूची भाजी, नारळाच्या वड्या. साहेब पाटावर बसले आणि दोन घास झाल्यावर म्हणाले, "तात्या, तुमच्या मुलीने आज भर वर्गात कबुलीजबाब दिला." काय झालं ते त्यांनी थोडक्यात सांगितलं. तात्यांना त्यातलं एकच कळलं.

"नकला ना? अहो, नंबर एक करते. साहेब, ऐकाच तुम्ही. दुर्गे, इकडे ये. तो वकील कर बघू."

दुर्गा तुपाची वाटी घेऊन दारात उभी होती. वकिलाचं पहिलं वाक्य तिच्या जिभेवर आलंही. ते करून टाकलं असतं तर तात्या हसले असते, साहेब हसले असते, सकाळचं सगळं धुऊन निघालं असतं.

"नाही करणार," ती म्हणाली.

"लाजतेय," तात्या साहेबांना म्हणाले. "अग, घरातल्या घरात काय लाजायचं?"

"लाजत नाही, तात्या. मला करायची नाही."

तात्यांचा हात ताटावर तसाच राहिला. आत आईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. "राहू द्या," साहेब म्हणाले आणि त्यांनी भात कालवायला घेतला. साहेबांचा टांगा गेल्यावर तात्यांनी कोट काढून खुंटीला लावला. ते तिच्याकडे न बघता बाहेर निघून गेले.

नंतरचे दिवस दुर्गाला जड गेले. तात्या तिच्याशी बोलत नव्हते. शाळेत मुली तिच्याशी बोलत नव्हत्या. हिने सगळ्यांना साहेबांपुढे उघडं पाडलं असं गोदू म्हणत होती, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. साहेबांचा शेरा पंधरवड्याने आला. बोलण्यात दोष, शिकवणे समाधानकारक. प्रमोदिनीबाईंची नोकरी राहिली. हळदीकुंकवाला दुर्गा दोनदा गेली, नुसती बसून राहिली, आणि तिसऱ्या खेपेला बोलावणं आलं नाही. तेव्हा तिला वाईट वाटलं. नकला करताना सगळी खोली आपल्याकडे वळते त्याची तिला गोडी होती, आणि ती गोडी गेलेली नव्हती. कधीकधी विहिरीवर एकटी असताना ती गुरवांची आरती करी आणि अर्ध्यावर सोडून देई.

वैशाखातल्या एका रविवारी तात्या वाडीत आले. ती आळ्यातलं गवत काढत होती. ते जवळच्या दगडावर बसले. बराच वेळ त्यांनी पंच्याने वारा घेतला.

"तू अशी नव्हतीस," शेवटी ते म्हणाले.

"मग कशी होते?"

"म्हणजे काय. तू..." तात्या थांबले. त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. "हसवायचीस सगळ्यांना."

"आणि?"

तात्या तिच्या मातीने भरलेल्या हातांकडे बघत राहिले. "आता काय झालंय तुला? काय होतंय नेमकं?"

"एका जागी बसवत नाही, तात्या. सारखं चालत राहावंसं वाटतं. कुठे ते कळत नाही."

"जेवतेस का नीट?"

"नाही."

तात्यांनी मान हलवली. दुर्गा उठली, हात झटकले, आणि केवड्याच्या कुंपणातल्या फटीतून समुद्राच्या वाटेला लागली. तिने मागे बघितलं नाही. थोड्या वेळाने मागे चपलांचा आवाज आला. तात्यांना भरभर चालायची सवय नव्हती. ती थांबली नाही, पण चाल कमी केली.