बॅटरी धरणारी

पुरुषमाणसानं पाना हातात घेतला की बाईमाणसानं बॅटरी हातात घ्यायची, हा कायदा कोणी केला ठाऊक नाही, पण घरोघरी पाळतात. या गोष्टीतल्या हेडक्लार्कच्या घरीही तो चालू होता. नळ गळो नाहीतर पंखा अडो, नवरा स्टुलावर आणि बायको खाली बॅटरी घेऊन. काम जमलं तर त्यानं केलं, बिघडलं तर हिनं उजेड हलवला.

बायको शिवणकाम करायची. नुसती नजर टाकून खांद्याचं माप सांगेल अशी. पण तिची ही अक्कल मशीनच्या खोलीबाहेर आली की नवऱ्याला ऐकू येत नसे.

यंदा त्याच्या डोक्यात दुर्बीण शिरली, तीही घरीच जोडायची. पुठ्ठ्याची लांब नळी आली, तळाशी बसवायचा ताटलीएवढा आरसा आला, वरचा छोटा आरसा आला, डोळा लावायचं भिंग आलं. एकही स्क्रू पिळायच्या आधी त्यानं शनिवारी संध्याकाळी सगळ्या इमारतीला गच्चीवर चंद्र बघायला बोलावून टाकलं. कचेरीतल्या साहेबालाही, सहकुटुंब.

सोबत आलेल्या चोपडीत लिहिलं होतं, दोन आरशांत बरोबर चाळीस इंच अंतर हवं. त्यानं बायकोच्या मशीनवरची टेप उचलली.

"अहो, त्या टेपचं एक..." ती बॅटरी धरून म्हणाली.

"उजेड हलवू नकोस."

ती पुन्हा बोलायला गेली, तर तो म्हणाला, "हे काय झग्याचं माप आहे? तू धर नुसती."

सासूबाई कोपऱ्यात भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ऐकून घे रे. तोंड हलतंय तिचं, बॅटरी नव्हे." पण लेकानं चाळिसावर खूण करून आरसा पक्का बसवूनही टाकला.

शनिवारी आभाळ लख्ख होतं. अर्धा चंद्र माथ्यावर आणि गच्चीवर रांग. पहिला मान साहेबाचा. साहेबानं डोळा लावला आणि बऱ्याच वेळानं विचारलं की हा कापसाचा बोळा आहे का. साहेबाच्या बायकोला तेवढंही दिसलं नाही. औषधाच्या दुकानवाल्यानं चष्मा पुसून पाहिला, मग मान वर करून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं आणि म्हणाला, असाच बरा दिसतो. रांगेत हसू फुटलं.

हेडक्लार्कनं भिंग आतबाहेर करायची चकती शेवटपर्यंत फिरवली. घामाघूम झाला, आणि सवयीनं बायकोवर घसरला, "त्या दिवशी बॅटरी नीट धरली असतीस तर ही वेळ आली नसती!"

बायकोनं हातातली बॅटरी कठड्यावर ठेवली. चेहरा उतरला तिचा. जायला वळली, तशा सासूबाई खुर्चीतून उठल्या.

"ती त्या दिवशी दोनदा बोलायला गेली. काय सांगत होती, ठाऊक आहे तुला?"

त्याला ठाऊक नव्हतं.

"तुझ्या वडिलांना मी तीस वर्षं बॅटरी धरली. एकदा चालू तारेला हात घालत होते. मी सांगतेय, तर म्हणतात उजेड हलवू नकोस. ठिणगी उडून भुवया जळल्या, परत यायला सहा महिने लागले! विचार तिला, आत्ता, सगळ्यांदेखत."

त्यानं खाली मान घालून विचारलं, "काय म्हणत होतीस?"

"त्या टेपचा पहिला इंच नाही," ती म्हणाली. "फाटला म्हणून मीच कापला. मी नेहमी एक वजा करून मापं घेते. तुमचे चाळीस म्हणजे एकोणचाळीस."

ती पुढं झाली, भिंग खोबणीतून काढलं आणि हातानं इंचभर बाहेर धरलं. इतकी वर्षं बॅटरी धरून कसलेला हात, जरासुद्धा हलला नाही. आणि साहेबाच्या आधी तिनं डोळा लावला.

"अगंबाई! खड्डे आहेत त्याच्यावर. आणि कड बघा, उसवल्यासारखी."

मग पुन्हा रांग लागली, आणि कोणाला खाली उतरायचं भान राहिलं नाही. नवरा सगळ्यात शेवटी उभा राहिला. डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "चुकलो मी. आरसा उद्या तूच बसव."

दुसऱ्या दिवशी ती स्टुलावर आणि तो खाली बॅटरी घेऊन. पाच मिनिटांत त्याचा हात भरून आला.

"उजेड हलवू नका," ती म्हणाली. सासूबाईंच्या हातातली भाजी हसून हसून सांडली.

तेव्हा भल्या माणसांनो, बॅटरी धरणारीलाही काम तुमच्याइतकंच दिसत असतं. ती बोलायला लागली की हात थांबवा आणि तिचं वाक्य पुरं होऊ द्या. भुवया शाबूत राहतील.