बेल वाजायच्या आधी

वॉर्डात तिला सगळे घाईबाई म्हणत. पेशंटच्या मनात पाण्याचा विचार यायचा अवकाश, ही पेला घेऊन हजर. कुणी नुसतं कण्हलं तरी त्याची उशी सरळ झालेली असायची.

मग दवाखान्यात 'गुणवंत परिचारिका' योजना आली. ती काढणाऱ्यांनी जन्मात कुणाचं बेडपॅन उचललं नव्हतं, पण गुणांची पारख मात्र त्यांनाच! पेशंटनं बेल दाबायची, नर्सनं धावत जाऊन आपलं कार्ड लावून ती बंद करायची, की एक गुण. महिनाअखेरीला जिचे गुण सर्वांत कमी, तिची रवानगी तळघरात, जुन्या फायली लावायला.

घाईबाईच्या खाटांवर बेल वाजायचीच नाही. वाजेल कशी?

"तुझी पाटी कोरी आहे गं," मेट्रन म्हणाली. दोघी एकाच बॅचच्या, एका ताटात जेवलेल्या. "बाकीच्या बघ, पेशंटला सांगून बेल दाबून घेतात. तू निदान वाजेपर्यंत थांब तरी."

"आणि तोवर त्यानं तळमळत पडायचं?"

"मग तळघरात कुणाची सेवा करणार आहेस? झुरळांची?"

हे मात्र वर्मी लागलं. पेशंटांवाचून तिला करमत नसे. सुट्टीच्या दिवशी नवरा वैतागायचा, "अगं बाई, मी आजारी नाहीये!"

दुसऱ्या दिवशी ती वॉर्डाच्या दारात उभी राहिली. समोरच्या खाटेवर पोटाचं ऑपरेशन झालेले आजोबा होते, जन्मभर ट्रक चालवलेले. त्यांची चुळबुळ तिला लगेच कळली. लघवी लागलीय. पाय आपसूक पुढे झाला, तो तिनं मागे ओढला. आजोबांनी बेलकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि संकोचून मान फिरवली.

बेल वाजली तेव्हा चादर भिजली होती.

"मला वाटलं, तुम्ही येताच आहात," आजोबा पुटपुटले. डोळे भरलेले.

"चुकलं माझं, बाबा."

तिनं कार्ड लावलंच नाही. बेल कोकलत राहिली, तशी मेट्रन धावत आली. "अगं, कार्ड लाव! पहिला गुण आहे तुझा!"

"हा गुण?" तिनं चादरीकडे बोट केलं. "असले गुण घाल चुलीत!"

"तळघराच्या यादीत तुझं नाव गेलं तर मला नाही वाचवता येणार."

"नको वाचवूस. ते टोक धर, यांना कुशीवर घेऊ."

मेट्रननं आपल्या कडक इस्त्रीच्या बाह्यांकडे पाहिलं. मग त्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि ओली चादर धरली.

बेल वाजतच होती.